आमचे मूळचे टाक

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी आम्ही सगळे रिकामटेकडे जमतो. पूर्वी भजन असायचं. पेटी वाजवणारे काका लेकाकडे राहायला गेले आणि भजन बंद पडलं. मग नुसती दुखण्यांची देवाणघेवाण, कुणाचा गुडघा, कुणाची साखर. त्याला कंटाळून आम्ही बायकांनीच तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना गळ घातली, की तुम्ही काहीतरी सांगत जा. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, सांगतो, पण कुणी घोरायचं नाही.

मी सातवी पास. पुढे जे काही वाचलं ते वाचनालयातून आणून, डाळ शिजेपर्यंत ओट्याला टेकून. त्यामुळे कुणी शिकवणारं समोर बसलं की मला अधाशासारखं होतं. मी पहिल्या रांगेत.

पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर चहाचे पेले मांडले. एक स्टीलचा, एक काचेचा, एक कागदाचा. म्हणाले, ह्यांचा रंग वेगळा, वजन वेगळं, ज्यापासून केले तेही वेगळं, तरी तुम्ही तिघांनाही पेलाच म्हणता. का? माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "तिघांत चहा आहे म्हणून."

"पिऊन टाकला तर?"

"तर रिकामा पेला. आणि आणखी चहा."

हसून झाल्यावर सरांनी समजावलं. काही जुने पंडित म्हणत, की सगळ्या पेल्यांत एक पेलेपण असतं. ते एकच असतं, पण प्रत्येक पेल्यात त्याचा तुकडा नसतो, प्रत्येकात ते अख्खं असतं. पेला फुटला तरी पेलेपण फुटत नाही. दुसरे म्हणत, असलं काही नसतंच, आपण सोयीसाठी एक नाव ठेवतो, झालं. आणि त्याच पहिल्या पंडितांचं आणखी एक म्हणणं, की प्रत्येक वस्तूच्या अगदी मुळाशी एक 'विशेष'ही असतो, ज्याच्यामुळे ही वस्तू हीच असते, दुसरी नसते. हे शेवटचं मी तेव्हा नीट ऐकलं नाही. माझं मन त्या 'अख्खं'मध्येच अडकलं होतं. एक वस्तू एकाच वेळी हजार ठिकाणी, आणि सगळीकडे पुरी! मी घरी येऊन सुनेला चपात्या लाटताना सांगितलं, बघ, वाकडी असली तरी चपातीपण तिच्यात अख्खं आहे. सून म्हणाली, "आई, मग वाकड्या तुम्हीच घ्या."

हे सगळं मी हौसेनं सांगतेय खरं. पण जे सांगायचंय ते पुढे आहे, आणि ते लिहिताना आत्तासुद्धा मान वर होत नाही.

आमचं घर मूळचं साताऱ्याकडचं. आमच्या देवघरात टाक आहेत. ज्यांच्याकडे नसतात त्यांच्यासाठी सांगते, टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. आमच्याकडे खंडोबा, भवानी आणि ज्योतिबा. हे टाक थोरल्याच्या घरी राहतात. धाकटा भाऊ वेगळा निघाला, की त्याच्यासाठी सोनाराकडून नवे करायचे. पण सोनाराकडून आणले म्हणून ते लगेच देव होत नाहीत. आमची पद्धत अशी, की नवे टाक थोरल्याच्या घरी आणायचे, ताम्हणात जुन्यांना टेकवून ठेवायचे आणि वरून दूध-पाणी घालायचं. ह्याला आम्ही भेटवणं म्हणतो. दिव्यावर दिवा लावावा तसं. माझे दीर आणि धाकटी जाऊ बोरिवलीला राहायला गेले, तेव्हा सासूबाईंनी त्यांचे टाक असेच भेटवून दिले. ताम्हण मीच धरलं होतं.

तेव्हापासून नवरात्रातले घट आमच्याकडे, मुलुंडला. धाकटी दरवर्षी नैवेद्याचा डबा घेऊन यायची, माझ्या हाताखाली राबायची आणि संध्याकाळी परत जायची. तिच्या घरी नुसता दिवा. ह्यात कुणी काही ठरवलेलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर मात्र मी ते ठरल्यासारखं करून टाकलं. कुणी देवघरापाशी आलं, की मी सांगायची, "हे आमचे मूळचे. धाकट्यांकडचे नंतर केलेले." धाकटी तिथेच फुलं निवडत बसलेली असायची.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवरात्राच्या तोंडावर तिचा फोन आला. ताई, यंदा मुलुंडपर्यंत येणं काही जमायचं नाही, तर इथेच घट बसवू का, टाक आहेतच, ह्यांनाही हौस आहे. ती अशी एका दमात बोलत नाही कधी. बहुतेक घोकून ठेवलं असावं. आणि मी, पेल्यातलं पेलेपण तीन आठवडे शिकून बसलेली बाई, काय म्हणाले?

"अगं, देव इथे आहेत. तुझ्याकडे आहे ती नक्कल. नकलेपुढे कुणी घट बसवतं का?"

ती म्हणाली, "बरं ताई." मी फोन ठेवून सुनेला म्हटलं, समजुतीची आहे हो माझी जाऊ.

ह्या वर्षी पितृपक्षात मी टाक रुमालात गुंडाळून घाटकोपरला सोनाराकडे गेले. नवरात्राआधी देव उजळून घ्यायचे असतात. सोनारानं भवानीचा टाक हातात घेतला आणि दिव्यासमोर धरला, तर चांदीतून उजेड आरपार दिसला. नाक नाही, डोळे नाहीत. पिढ्यान् पिढ्या पूजेला बसलेल्या बायकांचा अंगठा फिरून फिरून देवीचा चेहरा पुसून गेलेला. तो म्हणाला, आजी, हे उजळायला घेतले तर हातात चुरा येईल, नवे घ्या. आणि त्यानं काचेखालचा ट्रे पुढे ओढला. त्यात रांगेनं खंडोबा, रांगेनं भवान्या. सगळे एका साच्यातले, एकसारखे हसणारे.

मी म्हटलं, आमचीच चांदी वितळवून करून द्या. तो म्हणाला, तसं आता कोण करतं, जुनी चांदी सगळी एकत्र मुशीत जाते. "चांदी ती चांदी, आजी. त्यात तुमची-आमची काय?"

त्याचं काही चुकलं नाही. तो त्याच्या धंद्याचं बोलला. चुकलं माझं. मी म्हणू शकले असते, थांबा, घरी विचारून येते. निदान जुने परत रुमालात बांधून आणू शकले असते, झिजके तर झिजके, ठेवले असते एका डबीत. पण बाहेर थांबवलेला रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, ऊन मी म्हणत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या नव्या टाकांची लकाकी मला आवडली होती. मी मान डोलावली. त्यानं आमचे देव वजनकाट्यात घातले आणि खालच्या खणात टाकले. आत पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, इतके हलके झाले होते.

घरी येऊन टाक देवघरात मांडले, हात जोडले, आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, की हा पितृपक्ष आहे. ह्या दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत, देव तर नाहीच नाही, हे अर्ध्या सोसायटीला मीच सांगत असते. शिवाय हे कुणाला भेटवलेले नाहीत. भेटवणार कुणाला? जुने तर गेले मुशीत.

मी गप्प बसले. लेकाला वाटलं, उजळून किती छान झाले. सून म्हणाली, "आई, अगदी नव्यासारखे!"

मग मी काय केलं असेल, तर सरांना शरण गेले. म्हणजे त्यांच्या शिकवणीला. रात्रंदिवस मनाशी घोकलं, की भवानीपण चांदीत थोडंच असतं. पेला फुटला तरी पेलेपण फुटत नाही. ती एकच आहे आणि प्रत्येक टाकात अख्खी आहे, मग टाक वाडवडिलांचा असो नाहीतर ट्रेमधला. घोकता घोकता मला ते पटायला लागलं. नुसतं पटलं नाही, मी किती पुढे गेले ह्याचं कौतुकही वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात सासऱ्यांचा पक्ष होता. धाकटी आदल्या दिवशीच काठी टेकत टेकत आली आणि राहिली. पक्षाचं सगळं आवरलं, दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी म्हटलं, चल गं माझ्याबरोबर, सरांचं ऐक जरा, बोरिवलीला असलं काही मिळायचं नाही. खरं म्हणजे सर मला 'आमच्या शंकेखोर बाई' म्हणतात, ते तिनं ऐकावं अशी माझी इच्छा. ती मागच्या रांगेत बसली, पाय लांब करता यावा म्हणून.

त्या दिवशी सरांनी विचारलं, कुणाची काही शंका? मी उठलेच. म्हटलं, एका ओळखीच्या घरची गोष्ट आहे. त्यांचे टाक झिजले, चांदी सोनाराच्या मुशीत गेली, नवे आले ते दुसऱ्याच चांदीचे आणि दुसऱ्याच साच्याचे. आता चांदी ती नाही, आकार तो नाही, मग देव तोच म्हणायचा का?

सरांना प्रश्न फार आवडला. डोळे मिटून त्यांनी सगळ्या वाटा दाखवल्या. चांदीत देव मानला तर तो वितळला. आकारात मानला तर आकारही गेला. नावात मानला तर हाक मारणाऱ्यावर अवलंबून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, बाई?"

मला तेवढंच हवं होतं. मी पदर सावरून चांगलं खणखणीत बोलले. म्हटलं, "भवानी एकच. टाक शंभर असू देत, प्रत्येकात ती अख्खीच असते. हा पहिला आणि तो नंतरचा, हा खरा आणि ती नक्कल, असं तिच्यात काही नसतंच. ते सगळं आपल्या मनाचं."

टाळ्या पडल्या. सर म्हणाले, वा. आणि टाळ्या थांबल्यावर मागून धाकटीचा आवाज आला. बारीकसा.

"ताई, मग माझ्या घरीही ती अख्खीच ना?"

तो टोमणा असता तर मी निभावून नेलं असतं. टोमण्याला मला उत्तर येतं, आयुष्यभर देत आले. पण ती खरंच विचारत होती. आशेनं विचारत होती. वर्षभर तो 'नक्कल' शब्द उराशी धरून बसलेली बाई, मी बोलले ते ऐकून, काठीवर भार देऊन अर्धी उठली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. सरांना काहीच ठाऊक नव्हतं, ते खुशीत म्हणाले, "बरोबर! हाच तर मुद्दा!"

मी "हो" म्हटलं. एवढंच जमलं. कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. आपलं चुकलं ते झाकायला जे शहाणपण मी रात्रंदिवस अंगाला चोळत होते, ते गेल्या वर्षी तिला फोनवर एका वाक्यात देता आलं असतं. तेव्हा मला ते सुचलं नव्हतं असं नाही. तेव्हा मला त्याची गरज नव्हती.

घरी आल्यावर संध्याकाळी दिवा लावायला ती देवघरापाशी बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं भवानीचा टाक उचलला, नेहमीच्या सवयीनं चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा थबकला. पुन्हा एकदा फिरवला. मग तिनं टाक जागेवर ठेवला, कुंकू वाहिलं आणि बसल्या जागेवरून मला विचारलं, आमटीला कोकम घातलंस, म्हणजे घातलंत ना. सासूबाईंच्या हाताखाली होतो तेव्हा आम्ही एकमेकींना अगंतुगं करायचो. 'ताई' आणि 'तुम्ही' नंतरचं.

सकाळी मी चहा केला, तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. घाटकोपर, ट्रे, मूस, पितृपक्ष, सगळं. ती बशीत चहा ओतत ऐकत होती.

"मला काल कळलं," ती म्हणाली. "नाक टोचलं बोटाला. आपल्या भवानीला नाक कुठे होतं?" आणि थोडं हसली. मला हसता आलं नाही.

मग तिनं विचारलं, जुने कुठे आहेत. मी म्हटलं, गेले. सगळ्यांच्या चांदीत गेले. तिनं बशी खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा मनातून सुखावेल; माझं मन तेवढंच चालतं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सासूबाईंचा अंगठा लागलेला होता त्यांना. तुमचा लागला, माझाही लागला. पहिली पाच-सहा वर्षं रोजची पूजा माझ्याकडेच नव्हती का? मला एक फोन करायचात ताई. मी रिक्षा करून आले असते, जुने घेऊन गेले असते."

तेव्हा मला सरांचा तो 'विशेष' आठवला, जो मी नीट ऐकला नव्हता. सगळ्या टाकांत भवानी अख्खी असेल, माझं त्यावर म्हणणं नाही. पण तो एक टाक तोच होता. तसा दुसरा होत नाही. आणि तो एकटीचा नसून दोघींचा होता, हे मला घालवून बसल्यावर कळत होतं.

मी म्हटलं, "नवे भेटवायला हवेत गं. आता जुने तुझ्याकडेच आहेत."

तिनं माझ्याकडे बघितलं. "नकलेला भेटवणार, ताई?"

हा मात्र टोमणा होता, आणि पूर्ण वर्षभर मुरलेला. मी खाली फरशीकडे बघत राहिले. तिनं तो मागे घेतला नाही. घ्यावा असं मला वाटलंही नाही. बशी उचलत ती म्हणाली, ह्या खेपेला ती पक्षाला आली होती ते एक गोष्ट सांगायला. यंदा घट बोरिवलीला बसवायचे ठरलेत. भाऊजींनी परडी आणि माती आणूनसुद्धा ठेवली आहे. "विचारायला नव्हते आले. सांगायला आले होते. काल तुम्ही तिथे सगळ्यांसमोर बोललात, म्हणून वाटलं, विचारूनच घ्यावं, बरं वाटेल." मग काठी शोधत म्हणाली, "देव घेऊन या. या म्हणजे झालं."

म्हणजे मी वर्षभर जी परवानगी मुठीत धरून बसले होते, ती माझ्या मुठीत कधी नव्हतीच.

घटस्थापनेच्या सकाळी लेकानं टॅक्सी करून दिली. तीन टाक खणात गुंडाळून मी मांडीवर घेतले होते. पवईवरून जाऊन दिंडोशीपाशी गाडी अडकली आणि उशीर होईल म्हणून जीव खालीवर व्हायला लागला, तेव्हा ध्यानात आलं, की धाकटी दरवर्षी ह्याच रस्त्यानं, डबा सांभाळत, माझ्याकडे वेळेवर यायची. आली, की मी म्हणायची, किती उशीर.

तिच्या देवघरापुढे ताम्हण मांडलेलं होतं. तिचे टाक मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. इतक्या वर्षांत कधी वाकून बघितले नव्हते. खंडोबाच्या घोड्याचे पाय अस्पष्ट झालेले. भवानीचं नाक गेलेलं, ओठाची एक रेघ तेवढी उरलेली. तिनं रोज पूजा केली होती. घट बसवायची मुभा नसलेल्या देवांची, एवढी वर्षं, चेहरा पुसून जाईपर्यंत. आमच्या पद्धतीनं नवे टाक आणणाऱ्या बाईनं ताम्हणापुढे पदर पसरून बसायचं असतं. मी बसले. दूध-पाणी तिनं घातलं. भाऊजी शेजारी हात जोडून उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सहाही टाक एका ओळीत विड्याच्या पानांवर बसले.

दुपारी शेजारच्या एक बाई हळदीकुंकवाला आल्या. वाकून नमस्कार केला, टाकांकडे निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मुलुंडच्या थोरल्या जाऊबाई ना? ह्या नेहमी सांगतात, मूळचे टाक तुमच्याकडे आहेत म्हणून. हे चकचकीत दिसतायत ते तुमचेच ना? किती जपून ठेवलेत हो."

धाकटी वाती वळत होती. तिचा हात थांबला. तिला बोलता आलं असतं, आणि तिचा तो हक्कही होता. ती नुसती थांबून राहिली.

"नाही हो," मी म्हटलं. "हे नवे, माझे. मूळचे आता हे, हिच्याकडचे."

"असं होय," म्हणत त्या बाईंनी पुन्हा सगळ्यांनाच नमस्कार केला आणि प्रसादाला काय केलंय ते विचारलं. माझे कान पुन्हा तापले होते. धाकटी तेलाची वाटी घेऊन उठली.

"ताई, सरका जरा," ती म्हणाली. "दिव्यात तेल घालायचंय."

मी भिंतीकडे सरकले.